बांधाची राखण
(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने प्रत्येक पाड्यातील एकीने दोन शब्द बोलावेत असे कार्यकारिणीत ठरले. आमच्या पाड्याच्या वाटणीला मी आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाच्या दिवशी चार उखाणे घेणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

कोणी मला सुचवले की पाककृती सांग, कोणी म्हणाले मुलींच्या शिक्षणावर बोल. दोन्ही विषय चांगले आहेत. पण आपण बसलो आहोत तो हा खारेपाट. आपल्या चुलीवर शिजणारा तांदूळ, तलावातला जिताडा, विहिरीचे गोडे पाणी, हे सगळे ज्याच्या आधारावर उभे आहे, त्याच्याविषयी आपल्या मंडळात पंचवीस वर्षांत एकदाही भाषण झाले नाही. तो म्हणजे आपला बांध. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. आणि बोलता बोलता माझी एक चूकही सांगणार आहे. ती इतकी वर्षे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

प्रथम आपल्या नव्या सुनांसाठी थोडे सांगते. घाटावरून किंवा शहरातून आलेल्या मुलींना वाटते, शेताच्या कडेला मातीचा एक उंचवटा आहे, त्यावरून वाट जाते, एवढाच तो बांध. तसे नाही. आपली शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरती पूर्ण झाली की बांधाच्या एका अंगाला खाडीचे खारे पाणी उभे असते आणि दुसऱ्या अंगाला, त्याच्याहून खाली, आपले भात असते. मध्ये असते ती फक्त माती. आपल्या पूर्वजांनी डोक्यावरून चिखल वाहून ही जमीन समुद्राकडून मागून घेतली आहे. आणि मागून घेतलेली वस्तू सांभाळली नाही तर धनी ती परत नेतो.

बांधाला जागोजागी उघाड्या आहेत. उघाडीचे दार मोठे शहाणे असते. ओहोटी लागली की शेतातल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ते बाहेरच्या बाजूला उघडते आणि साठलेले पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने तेच दार मिटते आणि खारे पाणी बाहेर अडते. त्याला माणूस लागत नाही, वीज लागत नाही. फक्त दाराच्या फटीत काही अडकता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आता भरतीची वेळ. आमच्या सासूबाईंना घड्याळ वाचता येत नव्हते, पण भरती कधी येणार हे त्या चुलीपाशी बसून सांगत. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आगेमागे. थोडे मागेपुढे होते, पण फार चुकत नाही. आणि सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच येते असे नाही. बहुतेक वेळा ते नंतरच्या एक-दोन दिवसांत येते. आपण मात्र पौर्णिमा गेली की निर्धास्त होतो.

२००९ सालचा जुलै महिना तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. २२ तारखेला अमावास्या होती आणि सूर्यग्रहणही होते. त्यानंतर दोन दिवसांनी, २४ तारखेला, मुंबईच्या किनाऱ्याला पाच मीटरच्याही वर भरती येणार असे सांगितले होते. श्रावण शुद्ध तृतीयेचा दिवस तो. तीनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी दोनच्या सुमारास पाणी चढले आणि आमच्या बाहेरच्या शेताजवळ बांधाला खांड पडली.

त्या वेळी मी तिशीतली होते. धाकटा मुलगा कडेवर होता. लावणी नुकतीच संपली होती. पाठीचे दुखणेही अजून गेले नव्हते. ओरड ऐकून आम्ही सगळे धावलो. खांड पहिल्याने हातभर होती. माणसांनी पेंढ्याच्या गुंड्या, चिखलाची ढेकळे, दगड, जे हाती लागेल ते टाकले. पण पाणी वरून येत होते. बघता बघता खांड खोलीएवढी झाली. हिरव्यागार रोपांवरून गढूळ पाणी असे पसरले की जणू कोणी ताट पालथे केले. ओहोटीला ते पाणी गेले, पण मीठ ठेवून गेले. आठ दिवसांत रोपे करपली.

त्या रात्री मामंजी ओटीवर बसून होते. कोणी जेवले नव्हते. मी म्हटले, "एका दुपारीत सगळं गेलं." ते म्हणाले, "पोरी, बांध एका दुपारीत नाही फुटत. महिनाभर फुटत असतो. आपल्याला कळतं त्या दुपारी." मग त्यांनी सांगितले, की ज्येष्ठातच त्यांनी त्या जागी खेकड्यांची बिळे पाहिली होती. शेजारच्या शेतवाल्यांनीही पाहिली होती. प्रत्येकाला वाटले, दुसरा बुजवील. आणि सगळ्यांना मिळून वाटले, सरकार बुजवील.

भगिनींनो, पूर्वी असे नव्हते. जुनी माणसे आपल्या खारेपाटातल्या जोळाची गोष्ट सांगतात. बांधाला धोका दिसला की हाकारा व्हायचा आणि ज्यांची शेते त्या बांधाच्या आत, त्या प्रत्येक घरातला गडी कुदळ-घमेले घेऊन हजर व्हायचा. जो आला नाही त्याला जाब द्यावा लागे. ज्याचे शेत बांधाला लागून आणि ज्याचे शेत गावठाणाशी, दोघांचा वाटा सारखाच. कारण खारे पाणी काही सातबारा पाहून शिरत नाही. याच आपल्या अलिबाग तालुक्यात, चरी गावी, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. सहा वर्षे हाल सोसले, पण एकी मोडली नाही. तीच ही माती आणि तीच ही माणसे.

पुढे १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. बांधाची कामे सरकारी योजनेतून होऊ लागली. हे चांगलेच झाले. गरीब माणसाने दगडमातीचा खर्च कोठून करावा? पण त्याबरोबर एक गोष्ट आपल्या हातून निसटली. काम सरकारकडे गेले, त्याबरोबर आपण नजरही काढून घेतली. खेकड्याचे बीळ बुजवायला निविदा लागत नाही. एक घमेलेभर चिकणमाती आणि पायाची टाच एवढे पुरते. पण तेच बीळ आपण खांड होईपर्यंत ठेवले, की मग अर्ज, पाहणी, मंजुरी, पैसा, आणि तोवर दुसरा पावसाळा.

आमचे तसेच झाले. अर्ज केले. साहेब आले, पाहून गेले. दोन पावसाळे खांड उघडी राहिली. रोज दोन वेळा पाणी आत येई आणि जाई. तिसऱ्या वर्षी मी त्या शेतात गेले तर चिखलात हिरवी, जाडसर पानांची रोपे उगवली होती. तिवर. भरतीने बी आणून टाकले होते. मला तेव्हा आनंद झाला, की निदान काही तरी उगवले. आज तेथे माणूसभर उंचीपेक्षा जास्त झाडी आहे. आमच्या दीड एकराचा सातबारा आमच्या नावाचा आहे, पण तेथे आम्हांला नांगर घालता येत नाही.

येथे थोडा कायदा सांगते, कारण पुष्कळ जणींच्या घरी यावरून वाद होतात. खारफुटी तोडू नये आणि तिच्या भोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम करू नये असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला. २०१८ साली न्यायालयाने अंतिम निकाल दिला आणि ती बंदी कायम केली. जमीन खाजगी असली तरी झाडाला संरक्षण आहे. तेव्हा "माझ्या शेतात उगवली, मी तोडीन" असे म्हणून कोयता चालवणाऱ्याला पुढे त्रास होतो. घरातल्या पुरुषांना हे सांगा. रागाच्या भरात एक दिवस झाड तुटते आणि मग वर्षानुवर्षे तारखा पडतात.

मला याचा राग आला नाही असे नाही. आला. घरचा तांदूळ खाणारे आम्ही, त्या वर्षापासून दुकानातून तांदूळ आणू लागलो. जावयाला जिताडा वाढायचा तर तोही विकत. मी मनात म्हणे, झाडाला कायदा आहे, मग माझ्या भाताला का नाही? हा प्रश्न मी अजूनही सोडलेला नाही. ज्यांची शेते बांध न दुरुस्त केल्यामुळे बुडाली आणि त्यावर रान उगवले, त्यांना त्याचा मोबदला मिळावा, असे माझे मत आहे आणि ते मी ग्रामसभेतही बोलले आहे.

पण भगिनींनो, राग एक आणि डोळ्यांनी दिसते ते एक. आपल्या बांधाचा उत्तरेकडचा तुकडा पाहा. त्याच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, तिवर आणि चिप्पीची दाट पट्टी आहे. तो तुकडा माझ्या पाहण्यात एकदाही फुटला नाही. आणि आमच्या शेताजवळचा जो तुकडा फुटला, त्याच्या बाहेरची झाडे सरपणासाठी आणि होड्या लावायला जागा म्हणून पूर्वीच तोडली होती. तोडणाऱ्यांत आमच्या घरचेही हात होते. झाडीतून येणारी लाट दमून येते. उघड्यावरची लाट थेट बांधाच्या छातीवर आदळते. शिवाय चिखलातून वर आलेल्या त्या मुळ्या पाण्यातला गाळ धरून ठेवतात, म्हणून बांधाचा पाया उघडा पडत नाही. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिले त्याच मुळ्यांच्या आसऱ्याला वाढतात. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. झाड मीठ पिऊन पानावाटे बाहेर टाकते. आपल्या भाताला ते जमत नाही.

म्हणून माझा विचार असा झाला आहे, की बांधाच्या बाहेर खारफुटी हवी आणि बांधाच्या आत भात हवे. दोघांची भांडणे नाहीत. बांध नीट राहिला तर दोघे आपापल्या जागी सुखाने राहतात. बांध फुटला की दोघांची जागा बदलते आणि मग माणसे झाडाशी भांडत बसतात. सरकारचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला, २०२० साली पांढरी चिप्पी हा आपल्या राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला. पण आपल्या दारच्या चिप्पीला वाचवायला मुंबईहून कोण रोज येणार?

आता माझ्या चुकीकडे येते.

२०१७ सालची अनंत चतुर्दशी. आमच्या घरी गणपती दहा दिवसांचा. शेवटच्या दिवशी पंगत मोठी झाली. त्या वेळी थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले सर्रास मिळत. जेवणे आटोपली, विसर्जनाची घाई, भांड्यांचा ढीग. मी सगळ्या पत्रावळ्या, पेले आणि निर्माल्य एका मोठ्या प्लास्टिकच्या पोत्यात भरले, जुन्या निळ्या पातळाची किनार फाडून त्याचे तोंड बांधले आणि परसामागच्या नाल्यात टाकले. मनात आले तेवढेच, की नाला वाहता आहे, जाईल खाडीत. खाडीत गेले की समुद्रात. समुद्र मोठा आहे. असे आपण सगळ्याच म्हणतो.

नाला खाडीत जातो, पण उघाडीतून जातो. दुसऱ्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा. उधाण आले. रात्रीची ओहोटी लागली तेव्हा पाण्याबरोबर ते पोते उघाडीपर्यंत गेले आणि दाराच्या फटीत बसले. पुढची भरती आली, पण दार मिटले नाही. हातभर फट राहिली. भात तेव्हा निसवले होते, दाणा भरत होता. खारे पाणी नाल्याने मागे शिरले आणि उघाडीजवळच्या चार-पाच शेतांत पसरले. आमचे शेत तेथे नव्हते. आमचे तर आधीच गेले होते.

तिसऱ्या दिवशी पुरुषांनी दारातले पोते ओढून काढले. बांधावर टाकले. मी तेथे उभी होते. पोत्याच्या तोंडाला निळी किनार होती.

कोणीतरी म्हणाले, "कोणाच्या घरचं पाप हे?" मी काही बोलले नाही. घरी आले आणि चूल पेटवली. त्या शेतांपैकी एक शेत आपल्या मंडळातल्या एका भगिनीचे होते. तिचा धनी दोन वर्षांपूर्वीच वारला होता. तेवढेच शेत, तेवढ्यावरच दोन मुलांचे वर्षाचे पोट. त्या वर्षी तिला पेंढा मिळाला, दाणा मिळाला नाही. पुढच्या वर्षीही रोपे पिवळी पडली, कारण एकदा शिरलेले मीठ एका पावसाने धुऊन जात नाही. ती भगिनी आज या सभेत बसली आहे. मी तिचे नाव घेत नाही. परवा तिच्या घरी जाऊन मी हे सगळे तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मंडळात सांग. माझ्यासाठी नको, उघाडीसाठी सांग." म्हणून मी आज सांगते आहे. तिची क्षमा मी आपल्या सर्वांच्या देखत पुन्हा मागते.

त्यानंतर २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरून टाकायच्या कितीतरी प्लास्टिकच्या वस्तूंवर साऱ्या देशात बंदी झाली. पण आपल्या नाल्यात उतरून पाहा. शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, लहान मुलांच्या लंगोट्या, फाटकी जाळी. यातले पुष्कळसे पुरुषांनी टाकलेले नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातून, आपल्या न्हाणीघरातून गेले आहे. म्हणून मी म्हणते, बांधाचा निम्मा कारभार आपल्या हातात आहे. फक्त तो आपला आहे असे आपण कधी मानले नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. जाणकार मंडळींनी मोजून काढले आहे, की १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातल्या समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटीमीटरने वाढली आहे. वीस सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ आपली एक वीत. वीतभर पाणी म्हटले तर काहीच नाही. पण आपल्या बांधाच्या माथ्यावर उधाणाचे पाणी किती खाली राहते ते आठवा. कधी कधी वीतभरच राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि वर्षभरात, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते बाहेरून घासून गेले. तेव्हा आजोबांच्या वेळचा बांध नातवाला पुरेल अशा भरवशावर राहता येणार नाही.

मग आपण करायचे काय? मी फार मोठ्या गोष्टी सांगणार नाही. आपल्याला जमतील अशा पाच सांगते.

पहिली. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला संध्याकाळी ओहोटीच्या वेळी दोघी-दोघींनी बांधावरून फेरी मारावी. त्या दिवशी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सहाच्या सुमारास ओहोटी. बिळे दिसली की त्याच वेळी चिकणमातीने दाबून बुजवावीत. मोठी भेग किंवा खचलेला भाग दिसला तर मोबाईलवर फोटो काढावा, वहीत तारीख, तिथी आणि जागा लिहावी. नुसती तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. वहीत लिहिलेली, तारखेची, फोटोची तक्रार साहेबांना टाळता येत नाही.

दुसरी. मिरग लागण्यापूर्वी, नारळी पौर्णिमेपूर्वी आणि गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, असे वर्षातून तीन वेळा उघाडीची दारे आणि नाले साफ करावेत. दारात उतरण्याचे काम पुरुषांचे. आपण ओढलेला केर वेगळा करावा, पोत्यात भरावा आणि ग्रामपंचायतीच्या गाडीत द्यावा. पुन्हा नाल्यात नव्हे.

तिसरी. उघाडीच्या अलीकडे, नाल्याच्या तोंडाशी एक भक्कम लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे केर दारापर्यंत पोचणारच नाही. यासाठी या वर्षीच्या सहलीचे पैसे द्यावेत अशी माझी सूचना आहे. मला ठाऊक आहे, पुष्कळ जणी वर्षभर सहलीची वाट पाहतात. मीही पाहते. घरातून बाहेर पडण्याचा तो एकच दिवस. म्हणून मी आग्रह धरत नाही, सूचना करते. निर्णय कार्यकारिणीने घ्यावा.

चौथी. बांधाच्या बाहेरची तिवर, चिप्पी, कांदळ तोडू नये आणि तोडू देऊ नये. जेथे पट्टी विरळ झाली आहे तेथे वनखात्याच्या सल्ल्याने लावावी. मनाला येईल तेथे रोपे खोचून उपयोग नाही, कारण कोणते झाड किती पाण्यात जगते याला नियम आहे. खारफुटी राखणाऱ्या गावांना उत्पन्न मिळावे म्हणून २०१७ साली सरकारने योजना काढली आहे. तिच्यातून खेकडे, कालवे, जिताडा पाळण्यासाठी गटांना मदत मिळते. तिकडे सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, बायकांचा एक बचतगट पाहुण्यांना होडीत बसवून खारफुटी दाखवतो आणि त्यावर चार पैसे मिळवतो. होडी त्या स्वतः वल्हवतात. त्यांना जमते ते आपल्याला का जमू नये?

पाचवी. ज्यांच्या शेतात थोडे मीठ उतरले आहे त्यांनी लगेच हात टेकू नयेत. पनवेलला खार जमिनीचे संशोधन केंद्र आहे. तेथे मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. त्यांची नावेही पनवेल एक, दोन, तीन अशीच आहेत. बी आणायला पुरुष कंटाळले तर आपण दोघी-तिघी जाऊ. एस.टी. काय फक्त माहेरी जाण्यासाठी आहे?

आता कोणी म्हणेल, बायकांनी बांधावर फिरावे हे काय? त्यांना मी विचारते, लावणीला आपण गुडघाभर चिखलात वाकतो तेव्हा कोणाला काही वाटत नाही, कालवे फोडायला ओहोटीला खडकावर जातो तेव्हा वाटत नाही, मग बांधावर फेरी मारली तर काय बिघडले? दुसरे कोणी म्हणेल, ही सरकारची कामे. खरे आहे. सरकारने बांध उंच करावा, दगडी पिचिंग करावे, उघाडीची दारे बदलावीत, हे आपण मागितलेच पाहिजे, आणि मागत राहिले पाहिजे. पण घराला कुलूप सरकारने दिले तरी रात्री ते लावायचे कोणी?

शेवटी माझ्या घरची एक गोष्ट सांगते आणि पुरे करते. आमचे आतले अर्धा एकर शेत अजून गोडे आहे. घरात बोलणे चालले आहे, की तेही विकून टाकावे. गिऱ्हाईक आहे, पैसा चांगला येतो. मुले म्हणतात, "आई, बांधाचा भरवसा काय? उद्या खारं झालं तर कोण घेईल?" त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण मी स्वतः दीड एकर जाताना पाहिले आहे. मी त्यांच्याकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली आहे. या एका वर्षात गावाने बांध राखला, उघाडी राखली, तर शेत राहील. नाही राखली तर मला बोलायला तोंड नाही. तेव्हा आज मी मंडळासाठी बोलले तशी माझ्या स्वतःच्या अर्ध्या एकरासाठीही बोलले. हे लपवून ठेवणे बरे नव्हे.

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. येत्या अमावास्येपासून फेरी सुरू करायची आहे. पहिल्या फेरीला मी आणि मघाशी जिच्याविषयी सांगितले ती भगिनी, अशा दोघी जाणार आहोत. तिने आपण होऊन नाव दिले आहे. पुढच्या फेऱ्यांसाठी जिला जमेल तिने जाताना आपले नाव लिहावे. लिहिता येत नसेल तिने सांगावे, मी लिहीन.